बटणाएवढी टंचाई

पैज जिन्यात लागली, कारण लिफ्ट बंद होती. लिफ्ट चालू असती तर आम्ही तिघं आपापल्या मजल्यावर जाऊन गपगुमान जेवलो असतो आणि पुढचं काही झालंच नसतं. हे वाक्य मी हल्ली स्वतःला बरेचदा ऐकवतो. सगळं लिफ्टवर ढकललं की थोडा वेळ बरं वाटतं. तर, जिना. चौथ्या मजल्यावरचा विमावाला दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला पोट टेकवून धापा टाकत होता, टेलरबाई कापडाचं गाठोडं पायरीवर टाकून त्यावरच बसल्या होत्या आणि मी नेहमीसारखं तोंड चालवत होतो. "काय रे नारदा," विमावाला म्हणाला. कळ लावतो म्हणून मी नारद. या बिल्डिंगमध्ये माझं खरं नाव फक्त वीजबिलाला माहीत आहे. "तुमच्या त्या संशोधन केंद्रात दिवसभर करता तरी काय?" म्हटलं, दवाखान्यांना लागणाऱ्या वस्तू कधी आणि कशाने संपतील ते आधीच सांगतो. रक्त तपासायची रसायनं, पट्ट्या, नळ्या. एका कारखान्यात पाणी शिरलं तर कुठल्या गावातल्या कुठल्या पेशंटचं निदान अडेल, ते आमचा कॉम्प्युटर सांगतो. "म्हणजे ज्योतिषी!" "तू विकतोस ते काय मग? ज्योतिषच, फक्त हप्त्याने." टेलरबाई हसल्या, आणि बाई माणूस हसलं की मला चेव येतो, हा माझा जुना आजार. म्हटलं, "वस्तू संपते कशाने सांगू? संपेल या भीतीने. पैज लाव. तू टूरवर जातोयस ना? परत येशील तेव्हा या गल्लीतून एक वस्तू गायब असेल. मी एकही विकत घेणार नाही आणि एकही खोटं बोलणार नाही." "कुठली वस्तू?" "ते आलास की सांगतो. तू स्वतः हिंडायचं. मिळाली तर मी हरलो." टेलरबाईंनी गाठोड्यावरूनच निकाल दिला: हरेल त्याने रविवारी सकाळी गेटजवळच्या स्टुलावर उभं राहायचं आणि जिंकेल तो सांगेल ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं.

वस्तू निवडायला मला एक आंघोळ पुरली. खायची नको, औषध नको, मुलांच्या तोंडची नको. मी वात्रट आहे, दुष्ट नाही, असं तेव्हा माझं मत होतं. अशी वस्तू हवी की जिच्यावाचून कुणाचं काडीचं अडणार नाही. साबण चोळता चोळता सुचलं: बटण सेल. तो गोल, चपटा, चकचकीत, गाडीच्या किल्लीत आणि मनगटावरच्या घड्याळात बसतो तो. आठवडाभर नाही मिळाला तर काय होईल, घड्याळ बंद पडेल. पडू दे. घड्याळाने या बिल्डिंगमधलं कोण वेळेवर येतं?

मी कसं केलं ते सांगायला अजूनही जीभ वळवळते, लाज वाटते आणि तरी वळवळते, हेच तर वाईट आहे. मी फक्त विचारलं. गेटशेजारच्या घड्याळवाल्याकडे गेलो, दोन गिऱ्हाइकं उभी आहेत बघून चेहरा जरा पाडला आणि म्हटलं, "सेल... अजून आहेत तुमच्याकडे?" त्या 'अजून'वर किंचित थांबलो. "आहेत की. का?" "नाही, असंच. बरं झालं." एवढंच. वर एक सुस्कारा. घेतला नाहीच. मग स्टेशनरीच्या दुकानात. मग औषधाच्या दुकानात. मग खेळण्यांच्या. तिथल्या बाईने आपणहून विचारलं, "का हो, येणं बंद होणारे का?" मी खांदे उडवले. खांदे उडवणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही. दोन दिवसांनी घड्याळवाल्याच्या डब्यात तीनच सेल उरले होते आणि ते तो ओळखीच्यांनाच देत होता. आणखी दोन दिवसांनी डबा रिकामा. मी संध्याकाळी गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत शीळ घालत फिरलो. आमच्या केंद्रातल्या मॅडम पडद्यावर बाण काढून ज्या गोष्टीवर तासभर बोलतात, ती मी एका शब्दात करून दाखवली होती, आणि हे सांगायला कुणी नव्हतं. विमावाला अजून टूरवर होता. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याच आनंदात तीन-चार दिवस गेले, आणि एका सकाळी तळमजल्यावरून काकांची हाक आली. हाक नव्हतीच ती, नुसता आवाज होता. तळमजल्यावर काका आणि काकू, दोघंच. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून मी त्यांच्या दाराची कडी बाहेरून लावायचो आणि काका आतून म्हणायचे, "नारदा, उघड, नाहीतर चहा मिळणार नाही." मी तीन तीन पायऱ्या उडवत खाली गेलो. काकू स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या, घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे उघडे पण बघत नव्हते. मी त्यांना उचललं. वजन असं नव्हतंच, ओल्या कपड्यांच्या पिळ्यासारख्या लोंबत होत्या. उचलताना माझी नजर टेबलावर गेली. तिथे त्यांचं शुगर तपासायचं मशीन होतं, पालथं, मागचं झाकण काढलेलं, आणि आत बटणाएवढी गोल रिकामी खोबण. मी ती खोबण पाहिली. काकूंना हातात घेऊन दारापर्यंत जाताना मला दुसरं काही दिसतच नव्हतं. हसू नका, पण पहिला विचार आला तो आमच्या केंद्रातल्या यादीचा. दवाखाने काय काय विकत घेतात त्याची आमच्याकडे मैलभर यादी आहे. पट्ट्या आहेत, सुया आहेत. सेल नाही. सेल दवाखाना घेत नाही. तो एक म्हातारा माणूस पिशवी घेऊन गल्लीतून घेऊन येतो, म्हणून तो आमच्या यादीत नाही, म्हणून तो माझ्या डोक्यात नाही. इतकी वर्षं निदान कशाने अडतं याचाच अभ्यास करणारा मी, आणि आंघोळ करताना घरभर फक्त घड्याळं आठवली.

काकू वाचल्या. हे आधीच सांगून टाकतो, मलाही ते सारखं सांगावं लागतं. मशीन बंद म्हणून त्या तीन-चार दिवस अंदाजाने इन्सुलिन घेत होत्या. सर्दीमुळे जेवण कमी. त्या सकाळी हात थरथरायला लागले, तर शुगर वाढली असं वाटून त्यांनी आणखी थोडं टोचून घेतलं. शुगर तळाला गेली होती. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने काकांना विचारलं, "घरी किती होती? तपासली नव्हती का?" काका म्हणाले, "मशीनचा सेल गेला होता. सेल कुठेच मिळाला नाही." "बटण सेल कुठेच मिळाला नाही?" डॉक्टर वाईट नव्हता. त्याने फक्त भुवया थोड्या उचलल्या. मी शेजारी उभा होतो, काकूंच्या चपला हातात धरून. भुवया उचलून काय काय करता येतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही बसा, मी पाणी आणतो."

मग त्यांची मुलगी आली. ती लांब दुसऱ्या शहरात विमानतळावर पाळ्यांमध्ये काम करते, एकटीच राहते, एका खोलीत. रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे लाल. तिने बापाला विचारलं, "बाबा, एक सेल आणता आला नाही तुम्हाला?" काका म्हणाले, "चारही दुकानं हिंडलो गं. कुणाकडे नव्हता." दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या दुकानांत जाऊन आली. आणि आता ऐका, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे: टंचाईच्या मागोमाग पूर येतो. घाबरलेला दुकानदार दुप्पट मागवतो, त्याला माल पुरवणारा ठोकवाला चौपट मागवतो, आणि भीती ओसरते तेव्हा माल येऊन थडकतो. मुलगी गेली तेव्हा घड्याळवाल्याच्या काउंटरवर सेलांच्या माळा लटकत होत्या. औषधवाल्याने तर एक बरणी भरून ठेवली होती, गोळ्यांसारखी. तिने विचारलं, मधे संपले होते का? घड्याळवाला म्हणाला, "आपल्याकडे? आपल्याकडे कधीच काही संपत नाही, ताई." तो तरी काय म्हणणार? आपल्याकडे माल नव्हता असं कुठला दुकानदार म्हणतो? ती एक सेल घेऊन घरी आली आणि तो बापासमोर टेबलावर ठेवला. हे मला टेलरबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "काका नुसते बघत राहिले हो त्या सेलाकडे." त्याच आठवड्यात विमावाला परत आला, बॅग जिन्यात आपटून म्हणाला, "बोल, काय गायब केलंस?" मी म्हटलं, "काही नाही रे. नाही जमलं. हरलो." "हात्तिच्या! नारद हरला!" तो ओरडला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा. आयुष्यात इतकं मोठं खोटं मी इतक्या लहान वाक्यात कधी बोललो नव्हतो, आणि त्यावर लोक टाळ्या देत होते.

माझे वडील चष्मा शोधायचे तेव्हा तो मी त्यांच्याच डोक्यावर सरकवून ठेवलेला असायचा. सगळं घर हसायचं, शेवटी तेही हसायचे. हल्ली मला ते हसणं आठवत नाही. त्याच्या आधीचं आठवतं: खिसे चाचपणं, त्याच टेबलावर पुन्हा हात फिरवणं, आणि एक क्षण असा यायचा की ते चष्मा शोधायचं थांबायचे आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे, जणू तो तिथे कुठे सापडेल. मी आठवडाभर कुणाची कडी लावली नाही, कुणाच्या पाठीला कागद चिकटवला नाही. बायको म्हणाली, "ताप आहे का? कुणाला फसवलं नाहीस बरेच दिवसांत." म्हटलं, वय झालं. केंद्रात मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. औषधांच्या ठोकवाल्याकडून आलेल्या आकड्यांत, सपाट रेषेवर, एक काटा उभा होता. आमच्याच भागातला. बटण सेल. "हे काय मधेच? कुणीतरी शून्य जास्त टाकलंय. काढून टाक." म्हटलं, "मॅडम, खरंही असेल." "एका गल्लीत, एका आठवड्यात? कारण सांग." माझ्याकडे कारण होतं. ते माझ्या शर्टात बसलं होतं. मी बटण दाबलं आणि रेषा सपाट झाली. असे कितीतरी काटे मी आजवर काढले असतील, चुकीचे म्हणून. त्यांतल्या एकेकात एकेक म्हातारा पिशवी घेऊन हिंडत असेल, असं तेव्हापासून वाटायला लागलंय, आणि मग काम होत नाही.

मुलीने काकांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. गाडी चालवायला मी. अपराधी माणूस फार उपयोगी पडतो. दूध आणतो, औषधं आणतो, गाडी काढतो. तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, मी बाहेर बाकावर होतो. डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. काकांना तीन आठवले. घड्याळ काढायला लावलं, ते त्यांनी काढलं, काटे मात्र उलटसुलट झाले. कित्येक रात्री झोप नसलेला माणूस. मला तरी किती आठवले असते? मग बाईंनी त्या आठवड्याबद्दल विचारलं. काकांनी सांगितलं. घड्याळवाला, स्टेशनरी, औषधवाला, खेळणी. घड्याळवाल्याने डबा उलटा करून दाखवला, तेसुद्धा सांगितलं. मुलगी हळूच म्हणाली, "मी विचारून आले, डॉक्टर. तसं काही नव्हतं. आणि आईला त्या दिवसांतलं काही आठवत नाही." डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता. म्हणाल्या, होतं असं, मुद्दाम नसतं. आठवणीत भोक पडलं की मेंदू तिथे एक गोष्ट विणून ठेवतो आणि ती सांगणाऱ्याला अगदी खरी वाटते. या वयात ही सुरुवात असू शकते. आजारी माणसाची इंजेक्शनं यांच्या हातात ठेवू नका. मी बाकाची कड घट्ट धरली होती. आत जावं, दार ढकलावं. आणि तेवढ्यात मनातला वकील उठला. तो कधी झोपत नाही. म्हणाला, तीनच शब्द आठवले ना? काटे उलटे काढले ना? म्हणजे खरंच असेल आजार. तू मधे बोललास तर उलट उपचार लांबतील. तू त्यांचंच नुकसान करशील. मी वकिलाचं ऐकलं. दार उघडलं तेव्हा मी हसतमुखाने म्हटलं, "चला काका, गाडी पुढे आणतो."

परतताना मुलगी मागे बसून फोनवर बोलत होती. काकू तिच्याकडे जाणार, तिच्या एका खोलीत एकच खाट आणखी मावते. काका वाटेत, शहराबाहेर, जिथे अशा लोकांना सांभाळतात तिथे. "दोघांना नाही हो जमत मला," ती फोनवर म्हणाली. काका माझ्या शेजारी बसून काचेतून दुकानांच्या पाट्या वाचत होते, ओठ हलवत. सिग्नलला गाडी थांबली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बहुतेक मी गेलोच नसेन रे." म्हटलं, "कुठे, काका?" "सेल आणायला. मला वाटतं मी गेलो. डबा दिसतो मला. पण बहुतेक घरीच बसलो असेन. ती पडली तेव्हा मी घरीच बसलो असेन." मागचा हॉर्न वाजवत होता. मी गिअर टाकला, तो पडला नाही, पुन्हा टाकला.

रविवारी सकाळी विमावाल्याने स्टूल स्वतः खाली आणलं. लोक जमले होते, नारदाची फजिती कुणाला चुकवायची नव्हती. टेलरबाई जिन्याच्या दारात, घड्याळवाला शटर अर्धं वर करून गिऱ्हाईक सोडून आलेला, माझी बायको गॅलरीत. आणि गेटच्या आत टॅक्सी उभी, कारण नेमकं त्याच सकाळी त्यांचं निघायचं होतं आणि गर्दीमुळे ती हलत नव्हती. काकू मागच्या सीटवर, काच वर. डिकीत एक निळी बॅग ठेवून झाली होती. तपकिरी अजून काकांच्या पायाशी होती. मुलगी विमावाल्याला म्हणाली, "लवकर आटपा हो तुमचं." "दोन मिनिटं, ताई! पैजेचा मान!" मी स्टुलावर चढलो. विमावाल्याने वाक्य ठरवून आणलं होतं. "म्हण: मी थापाड्या आहे." म्हटलं, "मी थापाड्या आहे." हशा. "माझं अख्खं केंद्र थापाड्यांचं आहे." तेही म्हटलं. शिट्ट्या. "आणि या गल्लीतून एक टाचणीसुद्धा गायब करायची माझी लायकी नाही." मी तोंड उघडलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता, मी थोडा डगमगत होतो. काकाही वर बघून हसत होते, भाबडेपणाने, सगळे हसतायत म्हणून. आपण कशाला हसतोय ते विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मी म्हटलं, "मी जिंकलो होतो."

"ओ! पलटी नाही मारायची!" विमावाला ओरडला. "हरलास म्हणालास ना?" म्हटलं, "खोटं बोललो. बटण सेल. मी गायब केले. काकूंच्या मशीनला त्या आठवड्यात सेल मिळाला नाही, तो माझ्यामुळे." लोक आणखी मोठ्याने हसले. थापाड्या आहे असं नुकतंच कबूल केलेल्या माणसाने आणखी काय बोलायचं असतं? कुणीतरी टाळी वाजवली. बायको हसत नव्हती, तिने गॅलरीचा कठडा धरला होता. मुलगी पुढे आली. जवळून तिचे डोळे काकूंसारखे होते. "काय म्हणालात?" मी स्टुलावरून उतरलो आणि सांगितलं, कसं विचारत फिरलो, कुठे थांबलो, कुठे सुस्कारा टाकला. "हे बाबांकडून ऐकून सांगताय तुम्ही," ती म्हणाली. "दया आली म्हणून." मी घड्याळवाल्याकडे पाहिलं. त्याने चपलेने जमीन खरवडली. "आला होता हा," तो म्हणाला. "'अजून आहेत का' म्हणून. च्यायला, मी घाबरलो. सगळे घाबरले. संपले होते, ताई. तुम्हाला नाही म्हटलं कारण... आता दुकानदाराने नाही कसं म्हणायचं? काका आले होते. डबा उलटा करून दाखवला होता मी त्यांना." आता कुणी हसत नव्हतं. मुलीचा हात वर आला. मला वाटलं मारेल, मारावा असं वाटलं. पण तिने तो आपल्याच तोंडावर ठेवला. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः येऊन सांगेन, आजच, आत्ता, असं काहीतरी मी बोलत होतो. ती ऐकत नव्हती. ती टॅक्सीकडे गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "इंजिन बंद करा."

काका होते तिथेच उभे होते. मी त्यांच्यासमोर गेलो. "म्हणजे मी गेलो होतो," ते म्हणाले. विचारत नव्हते, तोलून बघत होते. "हो काका. गेला होतात." "चारही दुकानांत." "चारही." त्यांनी मान हलवली. चिडतील, रडतील, मला काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी खाली बघत होतो. त्यांनी बोट केलं ते स्टुलाकडे. "वर चढ." मी चढलो. "मोठ्याने सांग. काच वर आहे, तिला आत ऐकू आलं नसेल." मी टॅक्सीकडे तोंड केलं. काकू काचेआडून माझ्याकडे बघत होत्या, तोंडावर थोडं हसू, ही नारदाची नवीन काहीतरी गंमत असं समजून. मी ओरडलो, "काकू, काका गेले होते! चारही दुकानांत गेले होते!" काच अजून वरच होती.

"पुन्हा," काका म्हणाले.